जप्त केलेल्या पुस्तकाचं वाचन

मागच्या वेळी सिनॉप्सिसबद्दल लिहिलं होतं आणि पुढचा लेख ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ यावर असेल असं सांगितलं होतं. तो थोडा पुढे ढकलते. मे महिन्यात माझ्या हातून एक प्रकार घडला, आणि त्यातून समीक्षेबद्दल जे कळलं ते पेटच्या कुठल्याच गाईडमध्ये मला मिळालं नव्हतं.

मी मेडशीची. घर ख्रिस्ती. आमच्या भागात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वाशीमचं नाझरीन मिशनचं हॉस्पिटल आठवतं. आम्हाला मात्र आठवते ती मे महिन्यातली व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. गाणी, वचनांचं पाठांतर, रंगीत कागद, सरबत. लहानपणी मी तिथे शिकायला जायचे, आता शिकवायला जाते. यंदा मोठ्या मुलींचा गट माझ्याकडे होता. जेवणाच्या सुट्टीत नववीतली एक मुलगी भिंतीला टेकून वाचत बसली होती. पुस्तक इंग्रजी, जेनी हानचं ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’. मी नाव वाचलं आणि हात पुढे केला. “हे इथे नको,” म्हटलं. तिने मुकाट्याने दिलं. देताना एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही तर ‘शाळा’वर पीएचडी करून राहिल्या ना?”

हो. माझा विषय मराठी कादंबरीतलं किशोरवयीन प्रेम हाच आहे. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ त्यातली मुख्य कादंबरी. म्हणजे नववीतल्या मुलाने नववीतल्या मुलीच्या मागे फिरण्यावर मी प्रकरणंच्या प्रकरणं लिहिणार, आणि नववीतल्या खऱ्या मुलीने त्याच वयाच्या मुलीची गोष्ट वाचली तर मी ती काढून घेणार. उत्तर सुचलं नाही. “उद्या देते,” म्हणाले.

घरी आल्यावर पुस्तक वाचायला घेतलं. खरं सांगायचं तर वाचायला नाही, पकडायला घेतलं. वहीत दोन रकाने आखले. डावीकडे आक्षेप, उजवीकडे पान क्रमांक. चुंबन कुठे, दारू कुठे, आईपासून लपवाछपवी कुठे. उन्हाळाभर रविवार येतात आणि जातात, प्रार्थनेचं कोणाला काही पडलेलं नाही, हेही लिहिलं. दोन रात्रींत पुस्तक संपलं आणि वहीचं पान भरलं. तिसऱ्या दिवशी ते पान पुन्हा पाहिलं तर त्यात कादंबरी कुठेच नव्हती. ही गोष्ट कोणाची आहे, ती कशाला घाबरते, शेवटी कोण मरणाच्या दारात आहे, यातलं काहीही माझ्या टिपणातून कळत नव्हतं.

अशी मोजणी करणारी मी एकटी नाही. अमेरिकेत ‘फोकस ऑन द फॅमिली’ ही ख्रिस्ती संस्था ‘प्लग्ड इन’ या नावाने पालकांसाठी सिनेमांची आणि पुस्तकांची परीक्षणं देते. शिव्या किती, शारीरिक जवळीक किती, नशापाणी किती, असा वेगवेगळा हिशेब त्यात असतो. घाईत असलेल्या आईबापांना त्याचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही. पण ती औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी झाली. तिच्यावरून औषध कशाचं आहे ते समजतं, रोग समजत नाही. संशोधनातही आपण हे सर्रास करतो बरं का. ‘कादंबरीतील स्त्रीचित्रण’ असा विषय घ्यायचा आणि स्त्रिया मोजत सुटायचं. रकाने भरतात, वाचन होत नाही.

मग पुस्तक पुन्हा वाचलं, या वेळी वही बंद ठेवून.

२००९ साली आलेली ही कादंबरी. बेली नावाची मुलगी सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे. दर उन्हाळ्यात ती आई आणि भावासोबत आईच्या मैत्रिणीच्या, सुझॅनाच्या, समुद्राकाठच्या घरी जाते. सुझॅनाची दोन मुलं, कॉनरॅड आणि जेरेमाया. इतकी वर्षं बेली त्यांच्या मागे मागे करणारी धाकटी पोर होती. या उन्हाळ्यात अचानक सगळे तिच्याकडे बघायला लागतात. प्रेम कॉनरॅडवर, ओढ जेरेमायाची, मध्ये आणखी एक मुलगा. आणि या सगळ्याच्या खाली मोठ्यांनी मुलांपासून लपवलेली एक गोष्ट: सुझॅनाचा कॅन्सर परत आला आहे.

कादंबरीचं नावच पाहा. मी सुंदर झाले तो उन्हाळा. ‘झाले’ म्हणजे काय? आरशात काही एका रात्रीत बदललेलं नाही. बदलली आहे ती दुसऱ्यांची नजर. बेली स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, ‘मी’ म्हणून सांगते, पण त्या ‘मी’ला आपण आहोत याचा पुरावा सतत कोणाच्या तरी डोळ्यांत शोधावा लागतो. कोणी पाहिलं की ती आहे, नजर वळली की नाही. ख्रिस्ती वाचक म्हणून माझा खरा आक्षेप इथे आहे. माणसाची किंमत कोणी पाहण्याआधीच ठरलेली असते, या शिकवणीत मी वाढले. त्यामुळे चुंबनाच्या पानावर मी उगाच थांबले होते. थांबायला हवं होतं मुखपृष्ठावर.

आणि हा आक्षेप मांडताना कादंबरीच्या बाजूने एक गोष्ट सांगावीच लागते. लेखिकेला हे माहीत आहे. सुझॅनाचं आजारपण उघडं पडतं तेव्हा आपल्या दिसण्याच्या नादात शेजारच्या खोलीतलं मरण आपल्याला दिसलंच नाही, हे बेलीला टोचतं. म्हणजे पुस्तक आपल्याच नावाला प्रश्न विचारतं. मला वाटतं, तो प्रश्न अर्धवट सोडला आहे. पुढच्या दोन भागांमध्ये पुन्हा कोणता भाऊ, हाच झोका चालू राहतो. पण ‘अर्धवट सोडला’ असं म्हणण्यासाठी आधी ‘विचारला’ हे कबूल करावं लागतं. माझ्या दोन रकान्यांत त्या कबुलीला जागाच नव्हती.

आता आपल्याकडे या. मेडशीत मे महिना म्हणजे काय? दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पातूरच्या घाटातून येणारी एसटी तापून निघालेली असते. मामाचं गाव, आंबे, पापड-कुरड्या, आणि लग्नसराई. मुलगी मोठी असेल तर पाहुणे ‘पाहायला’ येतात ते याच दिवसांत. इंग्रजी कादंबरीत उन्हाळा हा मोकळा, कोणाचाही नसलेला वेळ असतो, त्यात प्रेम उगवतं. आमच्याकडच्या मुलीच्या उन्हाळ्याचा प्रत्येक तास कोणीतरी आधीच वाटून घेतलेला असतो.

हे नुसतं भूगोलाचं नाही, साहित्याच्या इतिहासाचं आहे. नारो सदाशिव रिसबुडांनी १८६८ साली ‘मंजुघोषा’ लिहिली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी कादंबरीकाराची अडचण सांगितली आहे. आपल्या लोकांचं रोजचं जगणं आणि आपल्यातल्या लग्नाच्या रूढी अशा आहेत की जसं आहे तसं लिहिलं तर त्यात रंजक काही सापडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं, असा त्याचा आशय. मी हा मुद्दा पहिल्यांदा वाचला तेव्हा हसले होते. आता वाटतं की प्रेमकथेचा कच्चा माल काय असतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. बालपण आणि लग्न यांच्यामध्ये काही वर्षं रिकामी असावी लागतात. ती वर्षंच नव्हती. संमतिवयाचा कायदा झाला १८९१ साली, आणि त्याने वय दहावरून बारा केलं. तेवढ्यावरून महाराष्ट्र पेटला होता. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ येत होती. तिथेही एक मुलगी ‘मी’ म्हणून बोलते, यमू. तिच्या गोष्टीत बालपण आहे, लग्न आहे, वैधव्य आहे. मधला उन्हाळा नाही.

तो मधला काळ मराठी कादंबरीला पुढे मिळाला तो शाळेने दिला. मुलगा आणि मुलगी एका वर्गात, वेगवेगळ्या बाकांवर. बोलायची चोरी, बघायला हरकत नाही. ‘शाळा’ २००४ साली आली, तिच्यातला काळ आणीबाणीचा. मुकुंद जोशी, त्याचे मित्र, शिरोडकर, ‘लाईन’ देणं. आता गंमत बघा. या प्रेमाला जागा देते ती शाळा, म्हणजे जून ते एप्रिल. परीक्षा संपते, सुट्टी लागते, आणि शिरोडकर गाव सोडून जाते. तिकडे उन्हाळा प्रेमाचं दार उघडतो, इथे लावून घेतो. माझ्या प्रबंधात हा मुद्दा नव्हता. एका जप्त केलेल्या पुस्तकामुळे मिळाला. तुलनेसाठी घेतलेलं पुस्तक ‘हलकं’ असलं म्हणून तुलना हलकी होत नाही, हे जमलं तर लक्षात ठेवा.

बरं, पण ख्रिस्ती वाचक म्हणून वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे मला बाबा पदमनजींकडे जावं लागलं. १८३१ साली बेळगावात जन्म, १८५४ साली बाप्तिस्मा, आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून नेट-सेटला एका गुणासाठी आपण पाठ करतो ती. (आणि तिथेच सोडतो. माझाही तोच प्रकार होता.) तिच्यात यमुना आणि विनायकराव हे तरुण जोडपं प्रवासाला निघतं. एकमेकांवर जीव आहे, दोघं शिकलेले आहेत, वाटेत बोलतात, चर्चा करतात. उन्हाळी प्रेमकथेला लागतं ते सगळं साहित्य हजर आहे: तरुण वय, प्रवास, घरापासून दूर असणं. पण पदमनजी या दोघांना एकमेकांकडे बघत बसू देत नाहीत. ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात, आणि एकेकीची कहाणी त्यांना ऐकावी लागते. पुढे अपघातात विनायकराव जातो आणि ज्या कहाण्या यमुना ऐकत होती त्यातलीच एक ती होते.

पदमनजींचा प्रश्न ‘प्रेम करावं की नाही’ हा नाहीच. तुमच्या सुखाच्या वाटेवर कोण उभं आहे आणि तुमच्या गोष्टीची किंमत कोण मोजतं, हा त्यांचा प्रश्न आहे. हाच प्रश्न मी ख्रिस्ती वाचनाचा म्हणून उचलते. तो फक्त ख्रिस्ती माणसालाच पडतो असा माझा दावा नाही. मला तो तिथून मिळाला, एवढंच.

त्यांचं सगळंच मला पटतं असंही नाही. यमुना शेवटी ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो. श्रद्धेचं बक्षीस म्हणून नवरा! दुःख इतक्या बारकाईने ऐकणारा लेखक उत्तर मात्र फार पटकन देतो. आजच्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांतही मला हेच खटकतं. जॅनेट ओक यांच्या १९७९ सालच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’पासून ती एक मोठी बाजारपेठ झाली आहे. त्यांत आक्षेपार्ह पान सहसा सापडणार नाही. पण योग्य माणसाची वाट पाहिली की तो मिळतोच, हे आश्वासन बेलीच्या समुद्रकिनाऱ्याइतकंच स्वप्नातलं आहे. आमच्या चर्चमध्ये वाट पाहून चाळिशी ओलांडलेल्या ताया आहेत. त्यांनी ते पुस्तक कसं वाचायचं?

‘किंमत कोण मोजतं’ हा प्रश्न घेऊन ‘शाळा’ पुन्हा उघडली तेव्हा मला माझंच जुनं टिपण अडायला लागलं. कादंबरी जोशी सांगतो. त्याची भीती, त्याची धडधड, त्याचा अभ्यास, त्याचं नरूमामाशी बोलणं, सगळं आतून. शिरोडकर मात्र बाहेरून. ती हुशार आहे, ठाम आहे, तिची वाक्यं लक्षात राहतात, पण ती घरी गेल्यावर तिच्या घरात काय होतं हे आपल्याला तेवढंच कळतं जेवढं जोशीला कळतं. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की ही कादंबरी ‘किशोरवयीन भावविश्वाचं प्रातिनिधिक चित्रण’ करते. कोणाच्या? वर्गातल्या अर्ध्या बाकांच्या. हा कादंबरीचा दोष म्हणून मी सांगत नाही. नववीतल्या मुलाला समोरची मुलगी इतकीच दिसते आणि बोकील त्याला त्याहून जास्त दिसल्याचं ढोंग करत नाहीत, हा प्रामाणिकपणा आहे. दोष माझ्या ‘प्रातिनिधिक’ या शब्दाचा होता. तो मी काढला आहे.

आणि बेली? तिथे मुलगी स्वतः बोलते, पण स्वतःला मुलांच्या डोळ्यांनी बघत बोलते. शिरोडकरला आवाज नाही, बेलीला आवाज आहे पण डोळे उसने आहेत. ही तुलना मी गाईड सरांना दाखवली. सर म्हणाले, “मुद्दा चांगला आहे, पण ही समीक्षा की प्रवचन? आरआरसीसमोर श्रद्धा चपलेसारखी बाहेर ठेवून जायची असते.”

यावर बरेच दिवस विचार केला. सरांची काळजी खोटी नाही. पण तरुण वाचकाचं काय होईल ही चिंता काही चर्चने जन्माला घातलेली नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली निर्दोष सोडलं. अशी कथा कोवळ्या वयाच्या वाचकाच्या हातात पडली तर तो बिघडेल का, याचा विचार तिथे धर्मनिरपेक्ष कोर्टालाही करावा लागला. त्यासाठी न्यायाधीशांनी सुटी पानं न धरता कथा पूर्ण वाचली. मी मात्र व्हीबीएसच्या व्हरांड्यात मुखपृष्ठावर निकाल दिला होता.

तर सरांना माझं उत्तर असं. प्रवचनाला उत्तर आधीपासून माहीत असतं, पुस्तक फक्त उदाहरणाला लागतं. समीक्षेत पुस्तकाकडून हरायची तयारी लागते. मी आता प्रत्येक कादंबरी घेताना वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहिते: यात काय सापडलं तर माझं मत बदलेल? हानच्या पुस्तकाआधी मी ते लिहिलं असतं तर सुझॅनाचं आजारपण मला तिसऱ्या दिवशी नाही, पहिल्याच रात्री सापडलं असतं. तुमची भूमिका स्त्रीवादी असो, आंबेडकरवादी असो, देशीवादी असो, हे वाक्य लिहून बघा. भूमिका लपवण्यापेक्षा ती मांडून धोक्यात घालणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. सर अजून पूर्ण पटलेले नाहीत. “लिही, बघू,” इथपर्यंत आलेत.

चपला बाहेर ठेवायच्या म्हटलं तर मला माझं पवित्र शास्त्रही अर्धं बाहेर ठेवावं लागेल. कारण त्यात ‘गीतरत्न’ आहे. दोन तरुण जिवांची एकमेकांसाठीची ओढ, बागा, सुगंध, रात्रीचा शोध, आणि देवाचं नाव जवळजवळ नाहीच. व्हीबीएसच्या पाठांतरात ते कधीही नसतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते लहानपणी चोरून वाचलेलं असतं. त्यात प्रेमाचा ऋतू येतो तो पाऊस सरल्यावर. लहानपणी मला ते कळायचं नाही, कारण आमच्याकडे पाऊस सरला की सोयाबीनची काढणी. पुढे कळलं की त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. त्याच पुस्तकात यरुशलेमच्या मुलींना पुन्हा पुन्हा एक विनवणी आहे, प्रेमाला त्याच्या वेळेआधी उठवू नका अशी. मोठी माणसं ती विनवणी तेवढी सांगतात. ती करणारी स्वतः प्रेमात आकंठ बुडालेली आहे, हे सांगत नाहीत.

पुस्तक मी ‘उद्या देते’ म्हटलं होतं, दिलं शेवटच्या दिवशी. माफी मागितली. ती थोडी घाबरली, मोठी माणसं माफी मागायला लागली की पोरं घाबरतातच. मग मी तिला विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं: तुला यात काय आवडलं? कॉनरॅड की जेरेमाया?

“दोघंही नाही,” ती म्हणाली. “मला ते घर आवडते ताई. ते लोक दरवर्षी तिथंच जातात ना, अन् तिची खोली तिच्यासाठी तशीच राहते. आमच्या घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात झोपतो.”

वहीत हे कोणत्या रकान्यात लिहायचं मला कळलं नाही. दुसरा भाग तिच्याकडे नाही. कोणाकडे असेल तर कळवा, वाचून परत करू.